पाय, पादत्राण आणि आपली धावणारी पिढी

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील समाजबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या मेळाव्यात व्याख्यान द्यावे अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली, तेव्हा शिक्षण, संघटना, हुंडाबंदी अशा परिचित विषयांपैकी एखादा आम्ही निवडू अशी आपणांपैकी अनेकांची अपेक्षा असेल. ते विषय थोर आहेत आणि त्यांवर ह्याच व्यासपीठावरून जाणत्या मंडळींनी पुष्कळ सांगितले आहे. आम्ही मात्र आज पायांविषयी आणि पायांतील बुटांविषयी बोलणार आहोत. ज्या चर्मकार समाजाच्या कित्येक पिढ्या लोकांचे पाय मापण्यात आणि त्यांस वहाणा बेतण्यात गेल्या, त्याच्या मेळाव्यात पायांची गोष्ट निघावी यात वावगे काही नाही. आम्ही वैद्य नव्हे आणि धावपटूही नव्हे. मॅट्रिक होऊन आम्ही शिक्षकी पेशात शिरलो, मुले शिकवली, त्यांच्या शर्यती लावल्या. निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली. तज्ज्ञांनी लिहिलेले वाचून व डॉक्टरांस विचारून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

विषय निवडण्याचे कारण डोळ्यांसमोरचे आहे. पहाटे पाच वाजता कर्जत-चौक रस्त्याने किंवा खोपोलीहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या कडेने जा. अंधारात मुलामुलींचे घोळके धावताना दिसतील. हे धावणे हौसेचे नव्हे. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धावावे लागते. त्याशिवाय १०० मीटरची शर्यत आणि गोळाफेक असते. राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटरची धाव आहे. सैन्यभरतीतही धावण्याची परीक्षा असते. शेतजमीन नाही, गाठीशी भांडवल नाही, अशा घरातील मुलास ही चार-सहा मिनिटे म्हणजे उभ्या आयुष्याचा प्रश्न असतो. वय निघून चालले असते आणि पुढची भरती केव्हा निघेल हे कोणी सांगू शकत नाही. अशा वेळी पाय दुखावला, तर ती एका मुलाची दुखापत राहत नाही. ती सबंध घराची दुखापत होते.

आमच्या पाहण्यातील दोन उदाहरणे सांगतो. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. खालापूर बाजूच्या एका मुलाने भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत पाहिली. जाड बूट पायांचा घात करतात, माणसाने पातळ तळाचे बूट घालावेत किंवा अनवाणीच धावावे, असा तीत उपदेश होता. मुलगा उत्साही. त्याने दुसऱ्याच दिवसापासून जाड बूट टाकले आणि कागदासारख्या पातळ तळाचे बूट घालून सिमेंटच्या रस्त्यावर पूर्वीइतकेच अंतर कापण्यास प्रारंभ केला. तीन आठवड्यांत नडगीच्या हाडास बारीक चीर गेली आणि भरतीच्या दिवशी तो घरी बसून होता. दुसरे उदाहरण एका मुलीचे. तिच्या वडिलांनी उसनवार करून भारी किमतीचे, जाड गादीचे बूट आणले. बूट उत्तम, परंतु पुढच्या बाजूस चिंचोळे आणि अर्ध्या मापाने लहान. महिन्याभरात अंगठ्यांची नखे काळी पडली, टाचा सोलवटल्या, आणि दुखऱ्या पायाने वाकडे धावता धावता गुडघा धरला. एकाने पातळ बूट घेतला, दुसरीने जाड. दोघांची वाट एकाच ठिकाणी थांबली. तेव्हा दोष जाडीचा की आणखी कशाचा, याचा शोध घेणे अगत्याचे आहे.

प्रथम पायाची रचना पाहू. माणसाच्या एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे आहेत. त्यांस बांधणारे स्नायू, शिरा व बंध मिळून शंभरांहून अधिक भरतात. तळव्याला जी कमान आहे, ती घराच्या दगडी कमानीसारखी ताठ नाही. पाऊल टेकताच ती किंचित दबते आणि उचलताना पुन्हा उसळते. टाचेमागची जाड शीर रबरासारखी ताणली जाऊन पुढच्या पावलास जोर देते. धावताना प्रत्येक वेळी पाऊल टेकते, तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार त्यावर येतो. साठ किलो वजनाच्या मुलाच्या पावलावर येणारा हा भार १२० ते १८० किलो होतो. एका किलोमीटरास सुमारे हजार पावले धरली, तर पाच किलोमीटरांत प्रत्येक पाय अडीच हजार वेळा हा भार झेलतो. एका टोल्याने काही होत नाही. परंतु हाड, शीर आणि स्नायू यांस रोज थोडी झीज सोसून ती रात्री भरून काढावी लागते. भरणे झिजेच्या मागे पडले, की दुखापत होते. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले, तर पुढचे सारे समजण्यास सोपे जाईल.

अनवाणी धावणे आपल्या देशास नवे नाही. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर क्रीडास्पर्धा झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथे सुमारे पंचवीस मैलांची शर्यत पाहिली. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे पुत्र होते. खडीच्या कठीण सडकांवर आणि डोंगरवाटांवर अनवाणी धावण्याची त्यांस सवय होती. कसलेही रीतसर शिक्षण नसता त्यांनी घेतलेली वेळ युरोपातील धावपटूंच्या जवळपास जाते हे पाहून टाटा चकित झाले. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी हिंदुस्थानचा संघ पाठविण्याची कल्पना निघाली. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतीत एकोणिसावे आले. पुढे १९६० साली रोम येथे इथिओपियाचा अबेबे बिकिला ह्याने अनवाणी धावून मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले आणि अनवाणी धावण्याची कीर्ती जगभर झाली. परंतु ह्या कथेचा उत्तरार्ध लोक सांगत नाहीत. बिकिला लहानपणापासून अनवाणी धावत आला होता आणि रोममध्ये मिळालेले बूट त्याच्या पायास नीट बसले नाहीत, म्हणून त्याने ते घातले नाहीत. चार वर्षांनी, १९६४ साली, टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि रोमपेक्षा तीन मिनिटे कमी वेळात पुन्हा पहिला आला. म्हणजे बूट असण्यात वा नसण्यात त्याचे सामर्थ्य नव्हते. ते वर्षानुवर्षांच्या सरावात होते.

आपल्या महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत हिने अनवाणी धावण्यापासून प्रारंभ करून २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. बारामतीच्या श्रीमती लता करे यांनी पतीच्या औषधोपचारासाठी नऊवारी नेसून अनवाणी धावत ज्येष्ठांची शर्यत जिंकली. त्यांच्या जीवनावर २०२० साली चित्रपटही निघाला. ह्या भगिनींपुढे आमचे मस्तक नम्र होते. परंतु त्यांचे अनवाणीपण हे शास्त्र म्हणून पत्करलेले नव्हते. पायांत घालावयास काही नव्हते, म्हणून ते आले होते. हा भेद आपल्या समाजाने तरी विसरू नये. गावाच्या वहाणा शिवणारा आपला पूर्वज स्वतः पुष्कळदा अनवाणी असे. आणि कित्येक गावांत वरिष्ठ म्हणविणाऱ्यांच्या दारावरून जाताना पायांतील वहाणा हातांत घ्याव्या लागत. आपल्या वाडवडिलांनी सोसलेल्या त्या अनवाणीपणाचे कोणी आज गोडवे गाऊ लागला, तर ते कान देऊन ऐकावे, पण मान डोलावण्यापूर्वी विचार करावा.

आता पातळ बुटांची गोष्ट. धावण्याच्या बुटांत टाचेखाली जाड गादी घालण्याची रीत फार जुनी नाही. ती मुख्यतः १९७० नंतरची. त्यापूर्वीचे धावपटू पातळ, सपाट तळाचे बूट घालीत. आपल्या शाळांतील कवायतीचा पांढरा कॅनव्हासचा बूट आठवा: पातळ रबरी तळ, टाच व चवडा एका पातळीत, कोणतीही गादी नाही. आज ज्याला किमान पादत्राण म्हणतात, त्याची लक्षणे हीच. वजन हलके, तळ सहज वाकणारा, जमिनीपासूनची उंची थोडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीत फारसे अंतर नाही, आणि पावलाची चाल बळेच वळविणारी योजना नाही. ही पाच लक्षणे अनेक देशांतील तज्ज्ञांनी २०१५ साली एकमताने ठरविली. मेक्सिकोच्या डोंगरांत रारामुरी नावाचे आदिवासी लोक टायरच्या तळाची, चामडी बंदांची सपाट वहाण घालून अवघड दऱ्याखोऱ्यांतून लांबचे पल्ले धावतात. २००९ साली त्यांच्याविषयी एक इंग्रजी पुस्तक निघाले आणि अमेरिकेत जाड बूट फेकून देण्याची लाटच आली. रारामुरींची ती वहाण आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस दाखवली, तर ते म्हणतील, ही तर आमची टायरची चप्पल!

शास्त्रज्ञांनीही ह्या प्रश्नाकडे लक्ष दिले. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डॅनियल लीबरमन यांनी जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले, की नेहमी अनवाणी धावणारे लोक पुष्कळदा चवड्यावर किंवा मधल्या पावलावर उतरतात आणि मग टाच टेकवितात. त्यामुळे जमिनीचा पहिला धक्का सौम्य होतो. जाड टाचेचा बूट घालणारे बहुधा टाचेवर उतरतात. परंतु २०१३ साली उत्तर केनियातील दासानाच लोकांचे निरीक्षण झाले. तेही कायम अनवाणी. तथापि सावकाश लांब धावताना त्यांतील बहुसंख्य टाचेवरच उतरत. म्हणजे निसर्गाची एकच रीत आहे असे म्हणण्यास जागा उरली नाही. शिवाय चवड्यावर उतरल्याने भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. गुडघ्याचा भार कमी होतो, पण पोटरी, टाचेमागची शीर आणि पावलाची लांब हाडे यांच्यावर तो वाढतो. जुने गुडघेदुखीचे रडगाणे असलेल्यास यातून आराम पडेल. ज्याची पोटरी कच्ची आहे, त्याला नवे दुखणे लागेल.

२०१३ सालीच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ३६ अनुभवी धावपटूंचे दोन गट करून एकास दहा आठवडे क्रमाक्रमाने पातळ बुटांची सवय लावली आणि पावलांच्या हाडांची चुंबकीय प्रतिमा घेऊन तपासणी केली. पातळ बूट घालणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या हाडांच्या मगजात सूज वाढलेली आढळली. नेहमीचे बूट घालणाऱ्यांत ती क्वचितच होती. हाडास चीर जाण्याच्या अगोदरची ही पायरी असते. बोटांगणिक वेगळे कप्पे असलेले पातळ बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर अमेरिकेत दावा झाला. आपल्या बुटांनी पाय बळकट होतात व दुखापत टळते असे ती जाहिरातीत म्हणत असे. २०१४ साली दोष कबूल न करता साडेसदतीस लाख डॉलर ग्राहकांसाठी बाजूस ठेवून तिने दावा मिटविला.

मग जाड बूट निर्दोष ठरले काय? तेही नाही. धावण्याच्या बुटांविषयी झालेल्या बारा प्रयोगांचा, म्हणजे अकरा हजारांहून अधिक माणसांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. अमुक प्रकारचा बूट घातल्याने दुखापत निश्चित टळते असे म्हणण्याजोगा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही. लक्झेंबर्ग येथे ८४८ धावपटूंस सहा महिने दोन प्रकारचे बूट दिले होते. दिसण्यात एकच, पण एकाचा तळ मऊ आणि दुसऱ्याचा कठीण. २०२० च्या त्या अहवालात कठीण तळ वापरणाऱ्यांच्या दुखापती अधिक भरल्या. म्हणून दुकानदार म्हणतो जाड घ्या, चित्रफीत म्हणते पातळ घ्या, आणि शास्त्र म्हणते की आधी किती धावता, किती वेगाने वाढवता आणि बूट पायास बसतो काय, ते सांगा.

लहान मुलांविषयी मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण तिचा पुरावा आपल्याच देशातील आहे. कर्नाटकातील डॉक्टर राव आणि डॉक्टर जोसेफ यांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राण घालणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर अनवाणी मुलांत केवळ २.८ टक्के. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत अधिक आणि चपला-सँडल घालणाऱ्यांत त्याहून कमी होते. कमान घडते ती बालपणी, पावलाच्या मोकळ्या हालचालीने. तेव्हा आयाबहिणींनी मुलास चालता येऊ लागताच कडक बुटांत कोंडू नये. घरात, अंगणात, स्वच्छ मातीत त्यास मोकळ्या पायाने हिंडू द्यावे.

आता धावणाऱ्या मुलामुलींनी काय करावे ते सांगतो. पहिली गोष्ट मापाची. पाय संध्याकाळी किंचित फुगलेला असतो, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा. दोन्ही पाय मापावेत. बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, त्याच्या मापाने बूट निवडावा. ज्या मोज्यांनी धावणार तेच घालून पाहावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे आणि बोटे पसरता आली पाहिजेत. बुटाच्या आतील सुटा तळ बाहेर काढून त्यावर उभे राहावे. पाऊल त्याच्या कडेबाहेर जात असेल, तर तो बूट आपला नव्हे, त्याची किंमत काहीही असो. ह्या कसोट्या आपल्या कारागिरांस नव्या नाहीत. कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरविणारा आपला वृद्ध कारागीर प्रथम पायाचा आकार पाही, मग चामड्यास रापी लावी. कारखान्याचा बूट एकाच फर्म्यावर हजारोंनी निघतो आणि पायानेच त्याच्या आकारात जावे असे म्हणतो.

दुसरी गोष्ट वाढीची. पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. मागील तीस दिवसांतील आपल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एकाच दिवशी दहा टक्क्यांहून अधिक अंतर कापणाऱ्यांस दुखापतीचा धोका वाढतो, असे त्यात आढळले. आपली मुले नेमके हेच करतात. जाहिरात निघेपर्यंत स्वस्थ बसतात आणि निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात रोज सहा-सात किलोमीटर धावतात. फुप्फुसे महिन्याभरात तयार होतात. हाडांस आणि शिरांस कित्येक महिने लागतात. दम टिकतो म्हणून पाय टिकेल असे समजू नये. तयारी भरतीच्या निदान सहा महिने आधी सुरू करावी, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी आणि जोरकस धावेनंतरचा दिवस हलका ठेवावा.

तिसरी गोष्ट पातळ बूट आवडणाऱ्यांसाठी. त्यांस आमचा विरोध नाही. परंतु प्रथम काही आठवडे ते घालून केवळ चालावे. मग एक दिवसाआड, नेहमीच्या धावेतील पाच मिनिटे त्यांत धावावे आणि उरलेली धाव जुन्या बुटांत पूर्ण करावी. पोटरी दुखली तर तेथेच थांबावे. हा पालट आठवड्यांचा नसून महिन्यांचा आहे. भरती दोन-तीन महिन्यांवर आली असता बुटांचा प्रकार बदलण्याच्या फंदात पडूच नये. ज्यांचे वजन अधिक आहे त्यांनी विशेष जपावे. बरोबरीने पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून टाचा वरखाली करणे आणि एका पायावर तोल सांभाळणे, असे व्यायाम करावेत. त्यांस एक पैसा लागत नाही. तसेच लांब ढांगा टाकण्यापेक्षा पावले थोडी आखूड आणि जलद टाकावीत. त्याने गुडघ्यावरचा भार हलका होतो.

चौथी गोष्ट जागेची. भातकापणीनंतर आपल्याकडे मोकळी खाचरे असतात, पण त्यांतील धसकटे पायांत घुसतात. शाळेचे मुरमाड मैदान बरे. रोज रस्त्याच्या एकाच उतरत्या कडेने धावल्यास एका पायावर भार अधिक पडतो. महामार्गाच्या कडेने अंधारात धावणे तर जिवावरचेच. धावणेच झाले तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने आणि उजळ कपड्यांत धावावे. माथेरानचा डोंगर मोटारी नसल्याने उत्तम. आपले ठाकूर व कातकरी बांधव पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर ओझी घेऊन त्या वाटा चढत आले आहेत. परंतु उतारावर धावताना गुडघ्यांवर आणि मांड्यांवर अधिक ताण येतो, हे नवख्यांनी विसरू नये.

अनवाणी धावण्याविषयी आपल्या भागापुरता आणखी एक इशारा. पावसाळ्यात चिखलातून उघड्या, खरचटलेल्या पायांनी जाणाऱ्यास लेप्टोचा संसर्ग होतो; कोकणपट्टीत ह्या रोगाने माणसे दगावली आहेत. अस्वच्छ मातीतील अंकुशकृमी तळव्याच्या त्वचेतून शिरून रक्त कमी करतो. जांभ्या दगडाच्या माळावर फुरसे असते. काच, खिळा, काटा यांची भीती बाराही महिने, म्हणून धनुर्वाताची लस घेतलेली असावी. आणि आपणांतील ज्या वडीलधाऱ्यांस मधुमेह आहे, त्यांनी कोणाच्याही सांगण्यावरून अनवाणी चालू नये. त्यांच्या तळव्याची जाणीव कमी झालेली असते. जखम कळत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

दुखणे कोणते सोसावे आणि कोणते सोसू नये, हेही कळले पाहिजे. धावल्यावर दोन्ही पोटऱ्या भरून येणे स्वाभाविक आहे. दोन दिवसांत ते जाते. परंतु नडगीवर अथवा पावलाच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारताच कळ येत असेल, रात्री स्वस्थ पडल्यावरही ठणकत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थितज्ज्ञास दाखवावे. प्रारंभी साध्या क्ष-किरण चित्रात ही चीर पुष्कळदा दिसत नाही, म्हणून चित्र स्वच्छ आले तरी दुखणे कायम असल्यास पुन्हा दाखवावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे म्हणजे धोक्याची घंटा वाजू नये म्हणून तिची दोरी कापणे होय. वेळीच थांबलेला मुलगा सहसा दोन-तीन महिन्यांत पुन्हा धावू लागतो. न थांबलेल्याचे वर्ष जाते. मुलींच्या मातांस विशेष विनंती: धावणाऱ्या मुलीची पाळी अनियमित झाली वा थांबली, तर अन्न कमी पडते आहे असे समजावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अशा स्थितीत हाडे ठिसूळ होऊन चटकन चीर जाते. डाळ, अंडी, दूध, नाचणी, सुकट, हिरवी भाजी आणि पुरेशी झोप यांचे मोल कोणत्याही बुटापेक्षा अधिक आहे.

शेवटी आपल्या समाजाच्या कर्तव्याविषयी. खेळाचे मैदान आपणांस परके नाही. पळवणकर बाळू हे आपल्याच समाजात जन्मले. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची मशागत करता करता ते गोलंदाजी शिकले आणि १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले. चहाचा पेला ज्यांना वेगळा दिला जाई, त्यांच्या हाती संघाचे नेतृत्व आले, ते मैदानावरील कर्तबगारीच्या बळावर. आज आपली मुले तीच कर्तबगारी पहाटेच्या काळोखात मिळवू पाहत आहेत. त्यांस मदत करणे हे मंडळाचे काम आहे, आणि त्यासाठी आम्ही तीन सूचना मांडतो.

एक, दरवर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी कर्जत येथे आणि एका रविवारी खोपोली येथे आपल्या जुन्या कारागिरांनी बसावे आणि भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचे दोन्ही पाय मापून द्यावेत. मग ती कोणत्याही जातीची असोत. हे कसब आपल्या हाती अजून शिल्लक आहे. आणखी पंधरा वर्षांनी असेल काय, याची आम्हांस शंका वाटते. दोन, ज्यांची ऐपत नाही अशांच्या बुटांसाठी मंडळाने एक लहानसा निधी काढावा. भारी बुटांची गरज नाही. मापात बसणारा साधा बूट पुरे. तीन, एखाद्या अस्थितज्ज्ञास त्याच दिवशी बोलावून मुलांचे पाय दाखवावेत आणि प्रत्येकास एक वही द्यावी, जीत तो रोजचे अंतर आणि दुखणे टिपून ठेवील. आम्ही शिक्षक असल्याने वहीवर आमचा विश्वास अधिक आहे; पण ह्या कामी तो अनाठायी नाही. एका दिवसात दीडपट धावल्याची चूक वहीत ताबडतोब दिसते.

कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेल्या त्या चामड्याचे नाव आज परदेशांत पोहोचले आहे. त्याचा आपणांस अभिमान आहे. परंतु आपल्या पूर्वजांचे खरे ज्ञान चामड्यापेक्षा पायाविषयीचे होते. पाय समोर ठेवून वहाण बेतावी, वहाण समोर ठेवून पाय बेतू नये, हे त्यांस शाळेत न जाता कळले होते. ते ज्ञान आपण धावणाऱ्या पिढीच्या कामी आणले, तर आपल्या व्यवसायाचे आणि आपल्या मुलांचे, दोहोंचेही हित साधेल.

 ह्या तीन सूचनांचा विचार आजच्याच सभेत व्हावा, अशी अध्यक्षमहाशयांस विनंती करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.